चित्रात, गाण्यात, पडद्यावर बुद्धिबळाचा पट दिसला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या चित्रातल्या मेजावर पट मांडलेला असतो, सिनेमातला खलनायक घोडा हातात घेऊन विचार करत बसतो, गाण्यात अचानक शह-मात येते. याचा अर्थ काय लावायचा, असं मला सतत विचारलं जातं. माझं उत्तर एकच असतं. आधी पट वाचा, प्रतीक नंतर. कुठला मोहरा आहे, तो कसा चालतो, चाल कोणाची आहे, हे पाहिलं की अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

बुद्धिबळ दाखवलं म्हणजे माणूस हुशार आहे एवढंच सांगायचं असतं ना?

जाहिरातीत बहुतेकदा तेवढंच असतं. पण मनात राहून जाणाऱ्या कलाकृतींत खेळाचे नियमच बोलतात. राजा सगळ्यांत मोलाचा, आणि त्याला एका वेळी एकच घर सरकता येतं. प्यादं मागे फिरू शकत नाही. घोडा अडीच घरं जातो आणि वाटेत कोणी उभं असलं तरी अडत नाही. पटावर सगळं उघड असतं, फासे नाहीत की झाकलेली पानं नाहीत, तरीही समोरच्याच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. शिवाय आपली पाळी आली की चाल करावीच लागते. एकेक चाल म्हणजे नुकसानच अशी वेळ आली तरी गप्प बसण्याची मुभा नसते.

सत्ता, नशीब, प्रेम, मरण यांच्याबद्दल या खेळातून जे काही बोललं गेलं आहे ते सगळं या चार-पाच नियमांतून फुटलेलं आहे. म्हणून नियम ठाऊक असलेल्या माणसाला चित्र जास्त दिसतं.

आपल्याकडे राणीला वजीर म्हणतात. त्यामुळे पाश्चात्त्य प्रतीकं वाचताना चूक होते का?

होते, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण वजीर, हत्ती, उंट म्हणतो. इंग्रजीत याच जागी राणी, किल्ल्याचा बुरूज आणि बिशप, म्हणजे चर्चचा धर्माधिकारी, उभे असतात. फ्रेंच लोक आपल्या उंटाला ‘फू’, म्हणजे विदूषक म्हणतात, जर्मन त्याला धावणारा म्हणतात. रशियनांकडे त्या जागी हत्ती आहे, आणि आपल्या हत्तीच्या जागी होडी. तेव्हा एखाद्या फ्रेंच चित्रकाराने राजाशेजारी विदूषक बसवला असेल तर तो पटावरचा मोहरा असू शकतो. इंग्रजी नाटकात काळा बिशप कट रचत असेल तर निशाणा चर्चवर आहे. ‘उंट’ म्हणून वाचलं की हे दोन्ही हातचं जातं.

उलट दिशेनेही तसंच आहे. ‘मात’ हा शब्द फारसी ‘शाह मात’मधून आला, म्हणजे राजा निरुपाय झाला. राजा मारला जात नाही, त्याला कोंडलं जातं. कुठल्याही डावात राजा पटावरून उचलला जात नाही. हे ध्यानात ठेवलं की राजसत्तेवरची कितीतरी रूपकं वेगळी वाचता येतात.

नावांतल्या या फरकाचा सगळ्यांत सुंदर उपयोग मला ‘शतरंज के खिलाडी’त दिसतो. प्रेमचंदांची कथा १९२४ ची, सत्यजित राय यांचा सिनेमा १९७७ चा. १८५६ चं लखनौ, इंग्रज अवध गिळंकृत करत आहेत आणि मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार पटावरून उठायला तयार नाहीत. कथेत शेवटी दोघंही डावावरून तलवारी उपसतात आणि मरतात. राय यांनी शेवट बदलला. सिनेमात दोघं जिवंत राहतात आणि पुन्हा डाव मांडतात, या वेळी इंग्रजी नियमांनी. वजिराने बाजूला व्हायचं आणि मलिका व्हिक्टोरियाने यायचं! ज्याला देशी वजीर आणि इंग्रजी राणी एकाच घरात उभे राहतात हे माहीत आहे, त्याला या एका ओळीत अख्खं राज्य गेलेलं दिसतं. आपल्याला ते भाषांतराशिवाय कळतं, हे आपलं भाग्य.

वजिराची ‘राणी’ झाली कधी? आणि चित्रकलेत त्याचं काही दिसतं का?

युरोपात खेळ पोहोचल्यावर वजिराच्या जागी राणी आली, पण बराच काळ ती दुबळीच होती. तिला तिरकं एकच घर जाता येई. १५ व्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत स्पेन आणि इटलीकडे नियम बदलले आणि राणी पटावरची सर्वांत ताकदवान झाली. नव्या राणीचा सगळ्यांत जुना नमुना व्हॅलेन्सियात १४७५ च्या सुमारास लिहिलेल्या एका कवितेत सापडतो, आणि त्या कवितेचा विषय प्रेम आहे.

आता सोफोनिस्बा अँग्विसोला या इटालियन चित्रकर्तीचं १५५५ मधलं चित्र पाहा. ते पोलंडमधल्या पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बागेत नक्षीदार गालिचा घातलेल्या मेजावर पट आहे आणि तिच्या तीन धाकट्या बहिणी त्याच्याभोवती आहेत. डावीकडची लुचिया पटाकडे बघत नाही, ती थेट आपल्याकडे बघते. समोरच्या मिनर्व्हाने हात उचललाय, ओठ किंचित उघडलेत, काहीतरी म्हणायचंय तिला. मधली लहानगी एउरोपा मिनर्व्हाची फजिती बघून खुदकन हसतेय. उजवीकडे मागे वयस्क दाई. डाव कोण जिंकतंय हे सांगायला पटाकडे बघावंच लागत नाही, नजरांची साखळी सगळं सांगते. जिंकणारी आपल्याकडे, हरणारी जिंकणारीकडे, धाकटी हरणारीकडे.

आणि चित्रकर्तीने सही कुठे केली आहे? पटाच्याच कडेवर. त्या काळात मुलींच्या चित्रात शिवणकाम असतं, प्रार्थनेचं पुस्तक असतं. इथे नशिबाला जागा नसलेला खेळ आहे, त्यात नव्या नियमांची सबळ राणी आहे, आणि त्याच पटावर एका बाईची सही आहे. तिने हे ठरवून केलं असं मी मानते. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हसारीने क्रेमोनातल्या त्यांच्या घरी हे चित्र पाहिलं आणि मुली इतक्या जिवंत वाटतात की फक्त बोलायच्या बाकी आहेत, अशा अर्थाचं लिहून ठेवलं.

प्रेमी युगुलं बुद्धिबळ खेळताना का दाखवतात?

कारण दरबारात परक्या स्त्री-पुरुषाला समोरासमोर तासन्‌तास बसायची ती एक मान्य सबब होती. १३००च्या सुमारास पॅरिसमध्ये कोरलेल्या हस्तिदंती आरशांच्या डब्यांवर तंबूत पट मांडून बसलेली जोडपी दिसतात, तसा एक डबा पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्रिस्तान आणि इझोल्द या मध्ययुगीन प्रेमी जोडीच्या गोष्टीतही जहाजावर पट येतो. शेक्सपियरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकाच्या शेवटी पडदा सारला की फर्डिनंड आणि मिरांडा डाव खेळताना दिसतात, आणि तिचं पहिलं वाक्य लाडिक तक्रारीचं आहे : तू खोटं खेळतोस! अशा ठिकाणी जिंकणं-हरणं गौण असतं. कोण कोणाच्या हाताकडे बघतंय ते पाहावं.

मृत्यू बुद्धिबळ का खेळतो? द्यूत का नाही?

फाशांत हरलो तर नशिबाला बोल लावता येतो. पटावर हरलो तर प्रत्येक चाल आपली असते. मृत्यूसमोर पट मांडला की गोष्ट अशी होते : शेवट ठरलेला आहे, पण तिथे पोहोचेपर्यंतच्या चाली आपल्या हातात आहेत.

स्टॉकहोमच्या उत्तरेला ताबी नावाच्या गावी एक जुनं चर्च आहे. तिथे छताजवळ आल्बर्टस पिक्टर या चित्रकाराने १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात एक भित्तिचित्र काढलं : सांगाडा झालेला मृत्यू आणि एक माणूस, मध्ये पट. इंगमार बर्गमनच्या १९५७ च्या ‘द सेव्हन्थ सील’ या सिनेमाचं बीज या चित्रात आहे. धर्मयुद्धावरून परतलेला सरदार, गावोगाव प्लेगची साथ, आणि समुद्रकिनारी काळ्या झग्यातला मृत्यू. मोहरे वाटताना मृत्यूच्या वाट्याला काळे येतात.

या सिनेमातले पटाचे दोन क्षण मी पुन्हा पुन्हा पाहते. पहिला चर्चमधला. सरदार जाळीपलीकडच्या धर्मगुरूला आपली चाल सांगून बसतो : घोडा आणि उंट यांच्या जोडीने तो मृत्यूला अडवणार आहे. जाळीपलीकडे मृत्यूच असतो. पटावर काही लपत नाही, मनात लपतं, आणि तेही त्याने देऊन टाकलं. दुसरा शेवटाजवळचा. एक गरीब नट-कुटुंब, नवराबायको आणि तान्हं मूल, जवळच मुक्कामाला आहे. सरदार मुद्दाम झग्याचा फटकारा मारून मोहरे पाडतो. मृत्यू ते पुन्हा जागच्या जागी मांडत बसतो आणि तेवढ्या वेळात ते तिघं निसटतात. सरदार डाव हरतो. पण त्याने जी चाल केली ती पटाबाहेरची होती आणि तीच त्याची सर्वांत चांगली चाल.

याच जातीचं आणखी एक चित्र म्हणजे मोरित्झ रेट्झ या जर्मन चित्रकाराचं, सैतान एका तरुणाशी त्याच्या आत्म्यावर डाव लावून बसला आहे असं. आणि उमर खय्यामच्या रुबाईतही तेच आहे, फक्त तिथे खेळणारं आकाश आहे आणि आपण मोहरे, एकेक करून पेटीत परत जाणारे. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने ‘बुद्धिबळ’ नावाच्या कवितेत त्यापुढे पाऊल टाकलं : खेळाडू मोहरा हलवतो, देव खेळाडूला हलवतो, मग देवाला हलवणारा कोण?

प्यादं म्हणजे नेहमी बिचारा बळीच का?

बातम्यांत तसंच वापरतात, ‘त्याला प्यादं बनवलं’. पण खेळात प्याद्याची गोष्ट दुहेरी आहे. ते पहिलं मरतं, आणि फक्त त्यालाच दुसरं काही होता येतं. प्याद्याचा वजीर होणं हे रूपक आपण बोलण्यातही वापरतो.

मध्ययुगात याकोबुस दे चेसोलिस या डॉमिनिकन साधूने १३०० च्या सुमारास समाजव्यवस्थेवर प्रवचनं रचली तेव्हा त्याने आठही प्याद्यांना धंदे दिले : शेतकरी, लोहार, लेखनिक, व्यापारी, वैद्य, खानावळवाला, पहारेकरी, आणि आठवा उधळ्या-जुगारी. हे पुस्तक युरोपभर पसरलं, आणि इंग्रजीत छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत, १४७४ च्या सुमारास, त्याचं भाषांतर आहे. म्हणजे प्याद्यांना चेहरा देण्याची कल्पना जुनी आहे.

लुइस कॅरलने ती एका मुलीला दिली. १८७१ च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये ॲलिस पांढरं प्यादं आहे आणि पुस्तकाच्या सुरुवातीला अकरा चालींचा आराखडा छापलेला आहे. गंमत जवळून बघण्यासारखी आहे. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, म्हणून ॲलिस तिसरं घर आगगाडीत बसून झर्रकन ओलांडते. प्रत्येक घराच्या सीमेवर ओहोळ आहे. आठव्या घरात पाय ठेवताच डोक्यावर मुकुट येतो. सगळीकडे मोठी माणसं तिला प्रश्न विचारून भंडावतात, ती फक्त पुढे जात राहते, कारण प्याद्याला मागे फिरता येत नाही. वाढत्या वयाचं यापेक्षा अचूक रूपक मला माहीत नाही.

आणि हेच रूपक १३० वर्षांनी उलटं फिरवलेलं ‘द वायर’ या अमेरिकन मालिकेत आहे. पहिला मोसम, २००२. बाल्टिमोरमधली अमली पदार्थ विकणारी पोरं बुद्धिबळाचे मोहरे घेऊन चेकर्स, म्हणजे तशाच चौकटीच्या पटावरचा एक सोपा खेळ, खेळत असतात. डीअँजेलो त्यांना खरा खेळ शिकवतो आणि शिकवताना त्यांची टोळीच समजावतो : राजा बसून राहतो आणि राजाच राहतो, प्यादी पुढे असतात आणि लवकर जातात. बोडी नावाचा मुलगा विचारतो, पलीकडे पोहोचलो तर मी मोठा होईन ना? डीअँजेलोला ते पटत नाही. चौथ्या मोसमात, मारला जाण्याच्या थोडं आधी, तोच बोडी म्हणतो की आपण त्या पटावरच्या छोट्यांसारखे आहोत. त्याला नाव आठवत नाही, समोरचा पोलीस ते पुरवतो. कितीतरी भाग मध्ये गेले, पण पहिला धडा ज्याने ऐकला होता त्याच्या घशात तिथे आवंढा येतो.

पांढरं म्हणजे चांगलं, काळं म्हणजे वाईट, हे बरोबर आहे का?

गृहीत धरू नका. जुन्या संचांत लाल-पांढरे मोहरे सर्रास असत, म्हणून ॲलिसच्या विरोधात लाल राणी आहे. पांढऱ्याने आधी खेळायचं हा नियमसुद्धा १९ व्या शतकात सावकाश रुळला. १९३७ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या ‘चेकमेट’ या बॅलेत, ज्याचं संगीत आर्थर ब्लिसचं आणि नृत्यरचना निनेट द व्हॅल्वाची, लाल आणि काळे समोरासमोर आहेत. सुरुवातीला प्रेम आणि मृत्यू पटाशी बसतात. लाल घोडेस्वाराला, म्हणजे आपल्या घोड्याला, काळ्या राणीला मारायची संधी येते, तो तिच्यावर भाळल्याने कचरतो, आणि ती त्याला मारते. वृद्ध लाल राजा शेवटी एकटा उरतो. १९३७ हे साल, दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरचं, लक्षात घेतलं की त्या दुबळ्या राजाकडे बघताना अंगावर काटा येतो.

रंगाचं सगळ्यांत धाडसी काम योको ओनो या जपानी कलावतीने केलं. १९६६ मध्ये लंडनच्या इंडिका गॅलरीत तिने ठेवलेला पट पूर्ण पांढरा होता : दोन्ही बाजूंचे मोहरे पांढरे, घरंही पांढरी. चार-सहा चाली आठवणीवर खेळता येतात. मग मोहरे मिसळतात, माझं कुठलं आणि तुझं कुठलं हे दोघांनाही सांगता येत नाही, आणि एकमेकांवर विश्वास ठेवल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. युद्धाविरुद्धची इतकी शांत कलाकृती विरळाच.

राजकारणावरची टीका पटातून केल्याची उदाहरणं?

सर्वांत धगधगतं उदाहरण १६२४ च्या ऑगस्टमधलं, लंडनच्या ग्लोब नाट्यगृहातलं. टॉमस मिडलटनच्या ‘अ गेम ॲट चेस’मध्ये पांढरे म्हणजे इंग्लंड आणि काळे म्हणजे स्पेन. स्पेनचा माजी राजदूत गोंदोमार काळा घोडेस्वार होऊन रंगमंचावर आला. सलग नऊ प्रयोग तुडुंब झाले, मग स्पेनच्या राजदूताच्या तक्रारीवरून नाटक बंद पाडण्यात आलं. मोहऱ्याचा मुखवटा इतका पातळ होता की तो कोणालाच फसवू शकला नाही.

शीतयुद्धाचं रूपक अमेरिकेचा फिशर आणि सोव्हिएत स्पास्की यांच्या १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्याने जगभर पोहोचवलं. त्यातून जन्मलेलं संगीतनाट्य म्हणजे ‘चेस’ : ध्वनिमुद्रिका १९८४ ची, लंडनचा रंगमंच १९८६. त्यात अमेरिकन आणि सोव्हिएत खेळाडू पटावर जितके लढतात त्याहून जास्त त्यांचे देश त्यांना खेळवतात.

सिनेमात दिसणारे डाव खरे असतात का?

कधीकधी असतात, आणि तेव्हा अर्थाचा खजिना उघडतो. दोन उदाहरणं देते.

स्टॅन्ली कुब्रिक स्वतः चांगला खेळाडू होता. त्याच्या १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये अंतराळवीर फ्रँक आणि संगणक हॅल खेळतात. तो डाव १९१० मध्ये हॅम्बुर्गला झालेला रोएश–श्लाग डाव आहे. हॅल मात जाहीर करतो, फ्रँक मान डोलावून डाव सोडतो. पण हॅलने चाल सांगताना घराचा क्रमांक चुकीचा सांगितलेला आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने रांगा मोजतो, त्या हिशेबाने वजीर सहाव्या रांगेत जायला हवा, हॅल तीन म्हणतो. शिवाय त्याने सांगितलेलं उत्तर फ्रँकला द्यावंच लागेल असंही नाही. फ्रँक पडताळून पाहत नाही. पुढे जे घडतं, यंत्राची चूक आणि यंत्रावरचा आंधळा विश्वास, ते सगळं या अर्ध्या मिनिटात आहे. ही चूक हेतुपुरस्सर होती का यावर वाद चालतो. मला त्याने फरक पडत नाही. फ्रँकचं न तपासणं तर पडद्यावर स्पष्ट आहे.

दुसरं ‘ब्लेड रनर’ या सिनेमाचं, १९८२. रॉय बॅटी हा कृत्रिम माणूस आहे, आयुष्य फक्त चार वर्षांचं. त्याला आपल्या निर्मात्यापर्यंत, टायरेलपर्यंत पोहोचायचंय आणि दार उघडतं ते बुद्धिबळाच्या एका अर्धवट डावाने. रॉय चाल सुचवतो : वजीर शत्रूच्या तोंडी द्यायचा. टायरेल हसून घोड्याने वजीर मारतो. मग उंट पुढे सरकतो आणि मात. ही अखेर १८५१ मध्ये लंडनला अँडरसनने किझेरिट्स्कीविरुद्ध खेळलेल्या डावाची आहे, ज्याला ‘अमर डाव’ म्हणतात. त्यात अँडरसनने दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या किरकोळ मोहऱ्यांनी मात केली. अमरत्व मागायला आलेला, जवळ काहीच न उरलेला रॉय ‘अमर डावा’ची चाल खेळून आत शिरतो आणि वर जाऊन आपल्या निर्मात्याचा, त्या राजाचा, जीव घेतो. जाणकार प्रेक्षक टायरेलच्या घरचा पट आणि त्याच्याशी दुरून खेळणाऱ्या सेबॅस्टियनच्या घरचा पट एकमेकांशी जुळत नाहीत हेही दाखवतात. ते खरं आहे, पण चालींचा अर्थ त्याने कमी होत नाही.

संगीतात बुद्धिबळ कसं शोधायचं? सुरांना कुठे मोहरे असतात?

शब्दांत शोधणं सोपं. १९६७ च्या ‘व्हाइट रॅबिट’ गाण्यात पटावरची माणसं उठून हुकूम सोडू लागतात, तो थेट ॲलिसचा वारसा आहे. ‘येस’ या ब्रिटिश बँडने १९७१ च्या एका गाण्यात प्रेमातल्या निर्णयाला चाल म्हटलं. रॅपमध्ये वू-टँग क्लॅन या अमेरिकन गटाने १९९३ मध्ये शब्दांच्या चढाओढीला बुद्धिबळ आणि कुंगफूशी जोडलं, आणि त्यांच्यातल्या जिझाच्या १९९५ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर पटावरच लढाई चालली आहे. रॅपर समोरच्याच्या पुढच्या ओळी ओळखून उत्तर रचतो, त्यामुळे ही तुलना वरवरची नाही.

माणसांत शोधायचं तर फिलिदोर आहे : १८ व्या शतकातला फ्रेंच ऑपेराकार आणि त्याच वेळी युरोपातला अग्रगण्य खेळाडू. प्यादी हा खेळाचा आत्मा आहे, हे त्याने १७४९ च्या ग्रंथात मांडलं.

आणि पटच वाद्य झाला असा एक प्रयोग आहे. ५ मार्च १९६८, टोरांटो. संगीतकार जॉन केज आणि चित्रकार मार्सेल द्युशाँ रंगमंचावर डाव खेळायला बसले. लोवेल क्रॉसने बनवलेल्या पटात घराघरांखाली प्रकाश ओळखणारे भाग होते. मोहरा हलला की कुठलंतरी घर झाकलं जाई, कुठलं उघडं पडे, आणि त्यानुसार वादकांचे आवाज सभागृहात येत किंवा थांबत. द्युशाँने एक घोडा कमी घेऊन खेळून केजला लवकरच हरवलं. हा तोच द्युशाँ ज्याने फ्रान्सकडून बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये खेळताना चित्रकला जवळजवळ बाजूला ठेवली होती. त्याने १९१७ मध्ये कपडे टांगायची खुंट्यांची पट्टी जमिनीवर ठोकून तिला ‘त्रेब्युशे’ नाव दिलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सापळा, आणि बुद्धिबळात अशी स्थिती की ज्याची चाल तो हरतो. येणाराजाणारा तिला अडखळणार, हे उघडच.

बुद्धिबळ म्हणजे वेड, ही समजूत कुठून आली?

स्टेफान झ्वाइगच्या १९४२ च्या लघुकादंबरीचा यात मोठा वाटा आहे. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, रिकाम्या खोलीत डांबलेल्या डॉ. बी. च्या हाती एक चोरलेलं पुस्तक लागतं, त्यात १५० डाव. चौकटीच्या चादरीचा तो पट करतो, पावाचे मोहरे. मग डाव संपतात आणि तो स्वतःशीच खेळू लागतो, अर्धा काळा, अर्धा पांढरा, आणि तिथे मन फाटतं. अनेकजण एवढंच घेतात की खेळाने वेड लागलं. नीट वाचलं तर वेड लावते ती एकांतकोठडी. खेळाने आधी त्याला वाचवलं होतं.

हीच कल्पना हसत पाहायची असेल तर पिक्सारचा १९९७ चा ‘गेरीज गेम’ बघा. बागेत एक म्हातारा पटाच्या या बाजूने त्या बाजूला जाऊन स्वतःशी खेळतो, हरायला लागला की छातीत कळ आल्याचं नाटक करून पट फिरवतो. पैज असते स्वतःच्याच कवळीची.

काळ्या-पांढऱ्या चौकटी दिसल्या की बुद्धिबळ समजायचं का?

नाही. डच चित्रांतल्या संगमरवरी फरशा, फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींची चौकटीची जमीन, शर्यतीचा झेंडा, यांची आपापली कुळं आहेत. चेकर्सचा पटही तसाच दिसतो. उलट ल्यूकास फान लेडनच्या १५०८ च्या सुमाराच्या चित्रात एक स्त्री खेळताना दिसते आणि पट रुंद, बारा गुणिले आठ घरांचा आहे. तो चुकलेला नाही, ते ‘कुरिअर बुद्धिबळ’ आहे, खेळाचा एक जुना, मोठ्या पटावरचा प्रकार. लुबँ बोजँच्या १७ व्या शतकातल्या स्थिरचित्रात पट आहे तो पाव, वाइन, वीणेसारखं वाद्य, फुलं आणि आरशासोबत : पंचेंद्रियांच्या मांडणीत तो स्पर्शाचा मानला जातो. तिथे डावपेच शोधू नयेत.

पट आडवा ठेवलेला किंवा राजा-वजीर उलटे मांडलेले दिसले तर त्याला अर्थ असतो?

बहुधा नसतो. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताशी पांढरं घर यायला हवं आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात. छायाचित्रांत आणि मालिकांत हे सारखं चुकतं, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण विचारायला माणूस मिळणं अवघड नाही. ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या मालिकेने २०२० मध्ये माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि प्रशिक्षक ब्रूस पँडोल्फिनी यांचा सल्ला घेतला आणि त्याचं फळ दिसतं. त्या मालिकेच्या शेवटी तिची नायिका, बुद्धिबळपटू बेथ, नखशिखान्त पांढऱ्या वेशात, पांढरी टोपी घालून मॉस्कोच्या रस्त्यावर येते. ती आता पटावरची पांढरी राणी आहे हे कुणी तोंडाने सांगत नाही.

राजा आडवा पाडून हार मानण्याचंही असंच. पडद्यावर ते सर्रास दिसतं. स्पर्धेत खेळाडू घड्याळ थांबवतात आणि हात मिळवतात.

मला खेळता येत नाही. काय बघू?

मोहऱ्यांच्या चाली शिका, त्याला एक संध्याकाळ पुरते. मग चित्रासमोर उभं राहून पाहा की कोण पटाकडे बघत नाहीये. बहुतेक गोष्ट त्या माणसाकडे असते. पटावरून बाहेर काढलेले मोहरे किती आणि कुणाचे, हात कुठल्या मोहऱ्यावर आहे, हे पाहा. मोहरे स्वतः नीट बघा. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेले, वॉलरसच्या दातांतले १२ व्या शतकातले मोहरे बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये आणि काही एडिंबरोत आहेत. त्यातल्या राण्या गालाला हात लावून बसल्या आहेत, आणि हत्तीच्या जागचे काही पहारेकरी आवेशाने आपलीच ढाल चावतायत. प्याद्यांना मात्र चेहरेच नाहीत, उभे दगड आहेत ते.

पडद्यावरची मांडणी कुठल्या डावाची आहे हे शोधता येतं का?

येतं. दृश्य थांबवा, घरागणिक मोहरे कागदावर उतरवा आणि जुन्या डावांच्या संग्रहात ती स्थिती शोधा. ऑनलाइन संग्रहांत स्थितीवरून शोधायची सोय असते. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’, १९६३, या जेम्स बाँडपटाच्या सुरुवातीचा, क्रोनस्टीन या खलनायकाचा डाव असाच ओळखता येतो : १९६० ला लेनिनग्राडमध्ये स्पास्कीने ब्रॉन्स्टीनला हरवलं तो. शोधताना स्थिती हुबेहूब जुळली नाही तरी थांबू नका. या सिनेमातल्या पटावर, मूळ डावात असलेली, डी-४ आणि सी-५ या नावांच्या घरांतली दोन प्यादी नाहीत.